डावं टोक

तो आयुष्यात एकदाही विमानात बसला नव्हता, तरी सगळी गल्ली त्याला पायलट म्हणायची. अर्थात चेष्टेनंच. बस डेपोत तेहतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात बंद पडलेल्या छापखान्याचं पत्र्याचं गोडाऊन घेतो आणि सांगतो की इथं मी विमान बांधणार, तर लोकांनी दुसरं करावं तरी काय? पहिल्या वर्षी लोक मुद्दाम बघायला यायचे. दुसऱ्या वर्षी रस्त्यात थांबवून विचारायचे, "काय पायलट, कुठवर आलं?" पाचव्या वर्षापासून ते विचारणंही थांबलं. नाव तेवढं चिकटून राहिलं.

विमान मात्र खरोखर होत होतं. दोन माणसांचं, पत्र्याचं, पोस्टानं मागवलेल्या नकाशांवरून. त्यातले हजारो रिव्हेट फिटरनं स्वतःच्या हातानं ठोकले होते. गडी चिकाटीचा, यात वादच नाही. पण तेवढाच तुसडा, आणि चूक कबूल करायची म्हटली की त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. डेपोत एकदा त्याच्या हातून ब्रेकचा पाइप उलटा बसला होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा त्यानं तो गुपचूप काढला, सरळ बसवला आणि हात पुसून डबा खायला गेला. ही गोष्ट त्यानं बायकोला सांगितली ती वीस वर्षांनी, आणि तीही फुशारकी म्हणून. "कुणाला पत्तासुद्धा लागला नाही," तो म्हणाला होता. बायको एवढंच म्हणाली, "तुम्हाला लागला ना."

बायको शिंपीण. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, खिडकीशी कापायचं टेबल, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले कागदी फर्मे. गल्लीतल्या बायका तिला शिवणकाकू म्हणायच्या. विमानाला ती 'तुमची दुसरी' म्हणायची. सकाळी फिटर चहा पिऊन रेंगाळला की टोमणा ठरलेला, "निघा आता, दुसरी वाट बघत असेल." पण त्या दुसरीच्या गाद्या हिनंच शिवल्या होत्या, दुहेरी शिलाई घालून.

पत्र्याचं काम संपलं आणि फिटर अडला तो शेपटीच्या टोकांवर. विमानाच्या शेपटीला दोन बाजूंना दोन आडवे पंख असतात आणि मधे एक उभा. पत्रा टोकाशी येऊन सपाट संपतो, कुणी करवतीनं कापल्यासारखा. तिथं गोलसर टोपी लागते, आणि सगळीकडून गोल असा आकार पत्र्याला देणं घरच्या हत्यारांनी होत नाही. नकाशात लिहिलं होतं की फोमचा ठोकळा कोरून टोक करा, त्यावर काचेच्या धाग्याचं कापड रेझिननं, म्हणजे वाळून टणक होणाऱ्या चिकानं, चढवा, घासा, रंगवा. फोम म्हणजे थर्माकोलचाच चुलत भाऊ. निळा, दाट, आणि हातात घेतला तर घेतलाय की नाही असं वाटावं इतका हलका. फिटरचा हात सगळा जन्म लोखंडावर चाललेला. त्यानं जोर लावला की फोम ढलप्यांनी निघायचा. दोन ठोकळे वाया गेले. तिसऱ्याच्या वेळी त्यानं सुरी भिरकावली ती नेमकी डबा घेऊन आलेल्या बायकोच्या पायाशी पडली.

तिनं सुरी उचलली, ठोकळा उलटसुलट करून पाहिला. "अहो, ही तर बाही आहे."

"कसली बाही?"

"बाहीची गोलाई. खांद्यावर कशी भरून येते, तशीच. सरका बरं जरा."

तोवर तिच्या उजव्या अंगठ्याला कंप सुटला होता. डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता, गोळ्या सुरू झाल्या होत्या. सुई ओवता येईना म्हणून तिनं मशीनवर चादर टाकली होती, आणि ती चादर रोज बघून तिचा जीव तुटत होता. हात नुसता मांडीवर ठेवला की थरथरायचा. कामात गुंतला की जरा निवायचा. तिनं कागदाचे फर्मे कापले, शिवणाच्या खडूनं ठोकळ्यावर रेघा मारल्या आणि लांब पात्याच्या सुरीनं पापुद्रे काढायला सुरुवात केली. मग पट्टीला चिकटवलेला पॉलिशपेपर. दर थोड्या वेळानं ती थांबायची, डोळे मिटायची आणि तळवा फिरवायची. "डोळे लबाड असतात हो," म्हणायची, "हाताला विचारावं."

तीन टोकांना तिला तीन महिने लागले. फिटर नुसता बघत राहायचा आणि भुसा झाडायचा. इतक्या वर्षांत गोडाऊनमधे दोघं अशी एकत्र बसली नव्हती. शेवटी फिटरनं व्हर्नियर, म्हणजे केसाएवढं माप दाखवणारी पट्टी, लावून मापं घेतली, कारण त्याशिवाय त्याला अन्न गोड लागलं नसतं. डाव्या पंखाचं टोक पुढच्या अंगाला एक मिलिमीटर जास्त भरत होतं.

"उतरवू का?" त्यानं विचारलं.

"हात लावू नका. माणसाचे दोन खांदे सारखे असतात का कधी? मी दोन्ही बाह्या एका मापाच्या कधी कापल्या नाहीत, म्हणून तर माझे कपडे अंगावर बसायचे. राहू द्या तसंच. हे माझं शेवटचं काम आहे."

"शेवटचं कशाला?"

टोकाची जी सपाट बाजू पंखाला चिकटणार होती, तिच्यावर तिनं खडूनं एक लहानशी फुली काढली. प्रत्येक डाव्या बाहीला ती आतून अशी फुली करायची. फिटरला एकदम भरून आलं. तो म्हणाला, "तुझ्या या कामाला मी काही होऊ देणार नाही." असलं बोलण्याची त्याला सवय नव्हती, त्यामुळे बोलून झाल्यावर तो उगाचच पाना शोधायला लागला.

आता पुढचं काम त्याचं होतं, आणि पुढचं काम म्हणजे राखणीचं काम. फोमला ऊन सोसत नाही, बोटाचा दाब सोसत नाही, आणि रंगात घालतात ते थिनर तर त्याचा काळ. थिनरचा थेंब पडला की फोम तिथल्या तिथं विरघळून बसतो. म्हणून काचेचं कापड आणि रेझिन हे त्याचं चिलखत. कापड चढवल्यावर त्यात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतातच. ती रेझिनमधे बारीक पांढरी पूड कालवून बुजवायची, वाळली की घासायची, बॅटरीच्या उजेडात पुन्हा शोधायची, पुन्हा बुजवायची. कंटाळवाणं काम, आणि रंग लागला की कुणाला दिसतही नाही.

फिटरला वजनाची भारी धास्ती. शेपटीला छटाकभर वजन वाढलं की नाकाला पावशेर वाढवावं लागतं, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. त्या नादात त्यानं कापडातलं रेझिन पट्टीनं इतकं निपटून काढलं की विणीचे धागे कोरडे दिसायला लागले. पूड त्यानं एकदाच भरली. दुसऱ्यांदा भरायला तो थांबला नाही, आणि याचं कारण आळस नव्हतं, एवढं त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. बायकोनं रंग निवडला होता, मोहरीचा गडद पिवळा, आणि ती रोज म्हणत होती, "लवकर करा हो. हाताला कळतंय तोवर मला त्याच्यावरनं हात फिरवायचाय."

रंगाच्या दुकानदारानं डबे काढून देताना विचारलं होतं, "फोमवर मारणार का?"

"फोमवर नाही, कापडावर."

"पण खाली फोमच ना? छिद्रं सगळी बुजलीत?"

"तेहतीस वर्षं गाड्यांचं काम केलंय मी."

"गाड्यांच्या पोटात फोम नसतो, साहेब," दुकानदार म्हणाला. फिटरनं डबे उचलले आणि तो चालू लागला. कुणी शिकवायला लागलं की त्याचं डोकं फिरायचं.

डाव्या टोकाला त्यानं थिनर घातलेल्या प्रायमरचे, म्हणजे अस्तराच्या रंगाचे, दोन हात मारले, चांगले ओले, एकावर एक. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला म्हणाला, "उद्या दुपारी तुला नेतो." तिनं सकाळी उठून केस विंचरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोक बाहेरून तुकतुकीत दिसत होतं. फिटर खूश होता. कलिंगड घेताना वाजवून बघतात तसं त्यानं सहज बोटाच्या पेरानं वाजवलं, आणि आवाज पोकळ आला. त्यानं अंगठ्यानं हलकेच दाबलं तर कवच आत गेलं.

त्यानं करवतीच्या पात्यानं टोक कापलं. आत मुठीएवढी पोकळी होती. थिनर छिद्रांतून झिरपलं होतं आणि रात्रभर आतल्या आत फोम खात बसलं होतं. कडेला चिकट तारा लोंबत होत्या, वास डोळ्यांत जात होता. शाबूत राहिली होती ती बुडाशी बोटभर जाडीची चकती, तिच्यावर खडूची फुली. बाकी बायकोचं महिन्याभराचं काम कुठं गेलं ते दाखवायलासुद्धा काही उरलं नव्हतं. फिटर स्टुलावर बसला. तेहतीस वर्षांत बसलेला नव्हता असा बसला.

सांगायचं, हे त्यानं ठरवलं होतं. गोडाऊनपासून घर दहा मिनिटांवर. तो निघाला, फाटकापर्यंत आलासुद्धा. खिडकीत बायको स्वेटरचं वरचं बटण लावायची खटपट करत होती, बाहेर जायचं म्हणून. त्याला पाहून तिचा चेहरा खुलला. आणि या बहाद्दराच्या तोंडून निघालं ते असं, "आज नको येऊस. रंगाचा वास फार आहे, तुला सोसायचा नाही."

झालं. पहिलं खोटं सोपं असतं, कारण ते एकदाच बोलायचं असं आपण धरून चालतो. आठवड्यानं वासाऐवजी दमट हवा आली. मग रंग फवारायचा कॉम्प्रेसर बिघडला. मग दुसरा हात मारायचाय. बायको रोज विचारायची, "झाली का माझी टोकं?" आणि फिटर मान खाली घालून जेवायचा. त्याचा बेत साधा होता. उजवं टोक समोर ठेवायचं, त्याच्यावरून डावं कोरायचं, आणि मग तिला न्यायचं. ब्रेकच्या पाइपसारखं. कुणाला पत्ता लागणार नाही.

पंधरा-वीस दिवसांनी तिनं विचारलं होतं, "अहो, त्या निळ्या फोमचा एखादा तुकडा उरलाय का? आणा ना. हाताला चाळा होईल. बसून बसून हात आखडायला लागलेत."

एकच ठोकळा उरला होता. फिटर म्हणाला, "संपला सगळा."

"बरं," ती म्हणाली. तिनं मग जुन्या वर्तमानपत्रांचे फर्मे कापायला घेतले. छान कापत होती अजून.

त्या एकमेव ठोकळ्यावर फिटर जन्मात पहिल्यांदा हळू काम करायला शिकला. डोळे मिटून तळवा फिरवायलासुद्धा शिकला, कुणी बघत नाही हे पाहून. उजव्या टोकावरून सहा फर्मे घेतले, उलटे करून डाव्याला लावले, व्हर्नियरनं इंचाइंचाला मापलं. कापड चढवताना रेझिन विणीत राहू दिलं. पूड चार वेळा भरली, चार वेळा घासली, बॅटरी लावून छिद्र न् छिद्र शोधलं. वर नुसत्या रेझिनचा एक हात ब्रशनं दिला आणि तो पुरता कडक होईपर्यंत प्रायमरच्या डब्याला शिवला नाही. तिचं उजवं टोक आणि वरचं टोकही त्यानं तसंच राखलं. मग मोहरीचा पिवळा. चार महिने गेले. काम इतकं नेटकं उतरलं की त्याचा त्यालाच अचंबा वाटला. चकती त्यानं स्वच्छ फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवली होती. टाकवली नव्हती.

या चार महिन्यांत घरी काय झालं, तेही सांगायला हवं. पहिल्या महिन्यात बायको कात्री चालवत होती. दुसऱ्या महिन्यात कात्री सुटली. तिसऱ्यात चमच्यातलं वरण ताटात सांडायला लागलं, बटणं फिटर लावायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि फिटरला बाजूला घेऊन म्हणाले, हे असंच उतरत जाणार. चौथ्या महिन्यात एका कागदावर सही करायची होती, तर पेन तिच्या बोटांत राहीना. परगावी असलेली मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आईला एकदा दाखवून आणा ना ते विमान. किती दिवस म्हणतेय ती."

मग एका दुपारी त्यानं तिला नेलं. दंडाला धरून, पावलापावलानं, दहा मिनिटांची वाट अर्ध्या तासात. गोडाऊनमधे उन्हाचे पट्टे पडले होते आणि शेपटी पिवळीधमक दिसत होती. ती बघतच राहिली. "अगंबाई," म्हणाली, "दुसरी नटलीय की."

फिटर हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

ती उजव्या टोकाशी गेली, डोळे मिटले आणि तळवा ठेवला. "हं," म्हणाली. वरच्या टोकाला हात पोचावा म्हणून त्यानं तिला आधार दिला. तिथंही "हं." मग ती डाव्या टोकाशी आली. हात ठेवला. पुढच्या अंगाला नेला, मागे आणला, पुन्हा पुढे नेला.

"अहो, हे कुणी केलं?"

"कुणी म्हणजे? तूच."

"याचा खांदा उजव्यासारखाच आहे."

एक मिलिमीटर. मापात चूक नको म्हणून जीव ओतलेल्या माणसाला तेवढीच चूक करायची आठवण राहिली नव्हती. "रंगाचे थर असतात, त्यामुळे..." असं काहीतरी तो म्हणायला गेला, पण तिनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. पेटीतून फडकं काढून त्यानं ती चकती तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. थिनर, छिद्रं, निपटून काढलेलं रेझिन. दुकानदारानं बजावलं होतं तेसुद्धा.

तिनं अंगठ्यानं फुली शोधली. अंगठा थांबत नव्हता. ती बोलत होती तोवर तो फुलीवर मागेपुढे थरथरत होता आणि खडू पुसला जात होता. फिटरला दिसत होतं, पण चकती काढून घ्यायचं धाडस होईना.

"कधी झालं हे?"

"तुला येऊ नको म्हणालो होतो, त्या दिवशी."

"वास येतोय म्हणालात, तेव्हा."

"हो."

"आणि मी तुकडा मागितला होता तुमच्याकडे. होता?"

"होता एक."

"त्याचंच केलंत हे."

"हो."

ती रागावेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती नव्या टोकाकडे बघत म्हणाली, "मला सांगायचं होतंत हो. मी दुसरं करून दिलं असतं. तेव्हा जमत होतं मला."

चार महिने फिटरला वाटत होतं की आपण तिचं गेलेलं टोक तिच्यापासून लपवतोय. तिचे उरलेले चार महिने आपण घेतले, हे त्याला आत्ता कळलं.

"आपण आत्ता करू," तो घाईघाईनं म्हणाला. "रंग उतरवतो. तू नुसता हात धर, मी चालवतो. एक मिलिमीटर भरायचंय, पूड लावून भरू." त्यानं पट्टीचा पॉलिशपेपर तिच्या हातात दिला. तो पडला. त्यानं उचलून पुन्हा दिला, बोटं मिटवून धरली. सोडल्यावर पुन्हा पडला.

"राहू द्या," ती म्हणाली. "कुठं भरायचं ते तुम्हाला कळायचं नाही, आणि मला आता दाखवता यायचं नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "काम चांगलं झालंय तुमचं. खरंच नीट झालंय." तिच्या तोंडून हे ऐकायला तो संसारभर थांबला होता. आत्ता ते त्याला ऐकवेना.

त्या दिवसानंतर ती गोडाऊनमधे आली नाही. 'तुमची दुसरी' म्हणणंही बंद झालं. चकती तिच्या मशीनवर, चादरीच्या वर ठेवलेली असते, कोरी.

पुढच्या महिन्यात सरकारी तपासनीस आला. त्याच्या सहीवाचून विमान उडवायची परवानगी मिळत नाही. अर्धा दिवस त्यानं एकेक रिव्हेट पाहिला, तारा ओढून पाहिल्या आणि शेवटी शेपटीशी आला. खिशातलं नाणं काढून त्यानं टोकं ठिकठिकाणी वाजवली. आवाज भरीव येत होता. मग मागे उभं राहून एक डोळा मिटून त्यानं दोन्ही बाजू पडताळल्या.

"अगदी सारखी," तो म्हणाला. "घरी बांधलेल्या विमानात इतकी सारखी टोकं बघायला मिळत नाहीत. हात चांगला आहे तुमचा."

"उजवं माझ्या बायकोनं केलंय," फिटर म्हणाला. "डावं मी बिघडवलं."

तपासनीस चकित होऊन पुन्हा वाकला. त्यानं डाव्या टोकावरून हात फिरवला, नाण्यानं आणखी दोनदा वाजवून पाहिलं. त्याला कुठंच काही बिघडलेलं सापडलं नाही.